भोंग्याचा प्रश्न

"काकू, शी झालीच नाही तर माणूस फुटतो का हो?"

औषधाच्या दुकानात ऐन गर्दीत, खणखणीत आवाजात असलं काहीतरी विचारायचं, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. काचेबाहेर दोघी तोंड दाबून खिदळत होत्या. भोंग्याला मात्र हसू येईना. तिच्या मोठ्या आवाजावरून बाबांनीच तिचं नाव भोंगा ठेवलेलं, आणि तिने निवडलेला हा प्रश्न बाबांबद्दलच होता.

बाबा रंगारी. शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वेदनेवर जबरदस्त गोळ्या सुरू झाल्या. दुखणं ओसरलं, पण पोट रुसून बसलं. घरात तो शब्द काढायची सोय नाही! आई विचारायची, "तिकडचं काही?" बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. हॉस्पिटलमधून चौकशीचा फोन आला की आई म्हणे, "सगळं छान!"

दुकानातल्या काकू हसल्या नाहीत. "कुणाला होत नाहीये?"

"बाबांना. त्या जोरदार गोळ्या चालू आहेत ना..."

बाहेरचं खिदळणं थांबलं.

"अगं, त्या गोळ्यांनी आतडी सुस्तावतात. सोबत पोट साफ व्हायचं औषध दिलं नव्हतं?"

भोंग्याला आठवलं. बाटली होती की! आईने कपाटात मागे सारलेली. "जुलाब झाले तर यांना उचलणार कोण?" त्याऐवजी ती दुधातून कोंडा द्यायची. आणि उठायला नको म्हणून बाबा पाणी घोटभरच प्यायचे. भोंग्याने हे सगळं काकूंना सांगून टाकलं.

"कोंडा आहे आणि पाणी नाही? मग आणखीच तुंबणार. पोट फुगलंय?"

"टम्म."

"मग आता मनाने काही देऊ नका, गोळ्याही मनाने बंद करू नका. डॉक्टरांना लगेच फोन. उलटी झाली तर थेट हॉस्पिटल."

भोंगा धावत सुटली. दप्तर मैत्रिणींनी उचललं.

घरी बाबांच्या खाटेशी बादली होती. आई ती घाईघाईने पायाने खाटेखाली ढकलत होती.

"उलटी झाली?"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील," बाबा कण्हले.

"ऐकू देत!" भोंगा ओरडली. तिने फोन उचलला. "आई, बाबा, रागवा नाहीतर लाजा. मी हॉस्पिटलची गाडी बोलावतेय. आणि तिथे 'तिकडचं' वगैरे काही नाही. बाबांना शी होत नाहीये, असं मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मोठ्याने!"