लॉस एंजेलिसचं अर्धं व्याख्यान

उल्का टिपणीसला त्या शनिवारी हॅल्डनबी गावाला जायचंच नव्हतं. नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत अमेरिकेचा इतिहास शिकवून तिला बावीस वर्षं झाली होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी भाषणाला बोलावलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. पण ब्रेंडाचे तीन फोन येऊन गेले होते. ब्रेंडा शहात्तर वर्षांची. जन्मभर शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढलं आणि आता गावातली लायब्ररी बंद पडू नये म्हणून आठवड्यातून चार दिवस फुकट राबत होती. "आमच्या लोकांना फक्त हॉलिवूड माहीत आहे," ती म्हणाली, "त्याच्या आधी तिथे काय होतं ते सांग." अशा बाईला नाही म्हणणं उल्काच्या जिवावर आलं.

नवरा मोहनही बरोबर निघाला. तो भूलतज्ज्ञ, तीस वर्षं हॉस्पिटलात काढून मार्चमध्ये रिटायर झालेला. "लॅपटॉप मी लावतो," तो म्हणाला. "नाहीतरी घरी बसून लॉनच कापणार मी."

दुपारी दोनला नऊ माणसं जमली. शिवाय मुलांच्या कोपऱ्यात एक आई दोन लहान पोरांना घेऊन बसली होती. उल्काने सुरुवात पाण्यापासून केली. १७८१ साली मेक्सिकोच्या बाजूने चव्वेचाळीस माणसं आली, त्यांत निम्मी पोरंटोरं. स्पॅनिश, आफ्रिकन, इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, सगळ्यांचं रक्त मिसळलेलं. नदीकाठी टोंगवा लोकांची वस्ती आधीपासून होतीच. नव्यांनी नदीतून पाट काढला, त्याला ‘आई-पाट’ म्हटलं. पण शेतात राबायला पुढे टोंगवाच लागले. मग अमेरिकन राज्य आलं. दारू पिऊन पडलेल्या इंडियनांना रविवारी कोठडीत टाकायचं, सोमवारी त्यांची आठवडाभराची मेहनत लिलावात विकायची, आणि मजुरी म्हणून पुन्हा दारूच द्यायची, अशी तिथली रीत.

"असं वाढलं ते शहर," ती म्हणाली. लोक खुर्चीत जरा पुढे सरकले होते. तिलाही रंग चढला. "आता १८७१. सहा हजारांची वस्ती, त्यात चिनी जेमतेम दोनशे. दोन चिनी टोळ्यांच्या भांडणात एक गोरा माणूस गोळी लागून मेला. बातमी पसरली आणि बघता बघता पाचशे लोक जमले. त्यांनी छपरांना भोकं पाडून आत गोळ्या झाडल्या. माणसांना ओढून बाहेर काढलं, मिळेल त्या कमानीला फासावर दिलं. अठरा जण मारले. त्यांतला एक डॉक्टर होता. दोन भाषांत जीव मागत होता तो..."

तेवढ्यात बाहेर काच फुटली.

आधी एक, मग दोन, मग कुणी टोपलीभर भांडी जिन्यावरून ओतावीत तसा आवाज. ब्रेंडा खिडकीशी गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. हाय स्ट्रीटवर शे-दीडशे माणसं होती. कुणाच्या खांद्यावर झेंडा, कुणाच्या हातात बिअरचा कॅन, कुणाच्या हातात बागेच्या भिंतीतून उपटलेल्या विटा. सकाळपासून गावातल्या फोनांवर एक मेसेज फिरत होता: पार्कात एका मुलीला पळवायचा प्रयत्न झाला आणि तो करणारा समोरच्या केस कापण्याच्या दुकानातला. पार्कात तसलं काहीही घडलं नव्हतं, हे पोलिसांनी नंतर सांगितलं. पण तोवर दुकानाची काच फूटपाथवर सांडली होती आणि आतल्या खुर्च्या रस्त्यावर येऊन पडत होत्या.

"दाराला कडी लाव!" ब्रेंडा ओरडली. दाराजवळ उल्काच होती. दार जाड काचेचं, कडी वरच्या बाजूला. तिने टाचा उंचावून ती सरकवली. मोहनने त्या आईला आणि पोरांना मागच्या स्टोअररूममध्ये नेलं. मागच्या गल्लीत बाहेर पडायचं दार होतं, पण तिकडूनही आरडाओरडा ऐकू येत होता आणि कचऱ्याचे डबे पेटवल्याचा वास येत होता.

आणि मग तो धावत आला. केस कापण्याच्या दुकानातला करवान. इराकमधून आलेला कुर्द, तिशीचा, गळ्यात अजून काळा एप्रन. त्याने दोन्ही तळवे काचेवर आपटले.

"सिस्टर! प्लीज! ओपन!"

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवईवर रक्ताचा थेंब होता. त्याच्या मागे सहा-सात माणसं रस्ता ओलांडत होती, धावत नव्हती, सावकाश येत होती, घाई कशाला असं चालत. सगळ्यात पुढच्याच्या हातात बांधकामाच्या परांचीचा लोखंडी पाइप होता. त्याचा चेहरा उन्हाने भाजलेला, ओठाच्या कोपऱ्यात एक जुना वण.

तिचा हात कडीवर होता. कडी सरकवायला जोर लागत नव्हता. आत पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, मोहन आहे, असं काही तिच्या मनात आलं का? पुढे कित्येक महिने तिने हे स्वतःला विचारलं. खरं उत्तर असं, की मनात काहीच आलं नाही. हात नुसता तिथे राहिला. करवान तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि ही उघडणार नाही हे त्याला कळलं, ते तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. तो पळायला वळला. वळला तेवढ्यात पाइप आला. तोंडावर, आडवा. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज काचेतून आत आला. तो दारावरच घसरत खाली बसला आणि काचेवर वरपासून खालपर्यंत लाल पट्टा उमटला. पाइप पुन्हा वर गेला.

"बाजूला हो, लव्ह," ब्रेंडा म्हणाली. तिने उल्काचा हात कडीवरून उचलून बाजूला केला, कडी ओढली आणि दार उघडलं. मागून धावत आलेल्या मोहनने वाकून करवानला काखेत धरून आत खेचलं. पाइपचा दुसरा घाव करवानच्या पायावर बसला. ब्रेंडाने सगळ्या अंगानिशी दार ढकललं, पण कडी लावायला वेळ मिळाला नाही. वीट आली. काच आधी पांढरी पडली आणि मग सगळीच्या सगळी खाली कोसळली.

त्यानंतरची पाच मिनिटं उल्काला तुकड्यातुकड्यांत आठवतात. पुस्तकांच्या ट्रॉल्या ओढून कुणीतरी आडव्या लावत होतं. कुणीतरी पेटतं कापड आत फेकलं आणि पडद्याने पेट घेतला. मोहन जमिनीवर गुडघे टेकून, करवानच्या डोळ्यावर स्वतःच्या शर्टाचा बोळा दाबून धरत ओरडत होता, "उल्का, पाणी! फायर एक्स्टिंग्विशर!" तिने भिंतीवरचं लाल नळकांडं काढलं. पडदा विझवला. आणि वळली तर पाइपवाला ट्रॉल्यांवरून आत येत होता.

"कुठाय तो?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा, एखाद्या दुकानात सामान मागावं तसा. "बाई, मध्ये येऊ नको."

उल्काने नळकांड्याचं तोंड त्याच्या चेहऱ्यावर धरलं आणि दाबलं. तो खोकत, डोळे चोळत आंधळ्यासारखा पाइप फिरवायला लागला. एक फटका तिच्या डाव्या दंडावर बसला. हाड मोडल्याचं तिला कळलं, दुखलं नाही. तिने उजव्या हाताने नळकांडं खालून फिरवलं ते त्याच्या गुडघ्यावर. गुडघा भलत्याच दिशेला वाकला. तो पडला. पडल्यावर तिने पुन्हा एकदा मारलं, बरगड्यांत. आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं, की तिसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा ब्रेंडाने मागून तिला मिठी मारली. "बास, डार्लिंग. बास."

त्याच्या सोबत्यांनी त्याला ओढत बाहेर नेलं. मग घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, कुत्रे भुंकले, पोलिसांच्या ढाली दिसल्या.

करवानचा उजवा डोळा वाचला नाही. जबडा तीन ठिकाणी मोडला होता. उल्काच्या हाताला प्लास्टर लागलं. त्याच संध्याकाळी तिची मुलगी तनू एडिनबराहून फोनवर रडत होती. तनूचा जन्म इथलाच, मराठी अजून अडखळत. "आई, तू किती ब्रेव्ह आहे! माझी सगळे फ्रेंड्स बोलतात, तुझी आईने त्याचा लाइफ सेव्ह केली!"

उल्काने फोन मोहनच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पोलिस स्टेटमेंट घ्यायला घरी आले, तेव्हा मात्र बोलली. "मी त्याला पाहिलं आणि लगेच दार उघडलं. त्याच क्षणी त्या माणसाने मारलं." शेजारी चहाचा कप धरून बसलेल्या मोहनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कपात पाहिलं. दारावरचा लायब्ररीचा कॅमेरा पडद्याबरोबर जळला होता. ब्रेंडाला कुणी कडीबद्दल विचारलं नाही आणि तीही आपणहून बोलली नाही.

सहा दिवसांनी पाइपवाला पकडला गेला, लंगडत होता म्हणून. छपरं घालण्याचं काम करणारा, चौतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. तो म्हणे, मी गर्दीत होतो, आत शिरलो हेही खरं, पण पाइप मी खाली पडलेला उचलला. त्या माणसाला दुसऱ्याच कुणीतरी मारलं. मारताना त्याचा चेहरा पाहिलेली एकटी उल्काच होती. करवानला वळता वळताच घाव बसला, त्याला कुणाचा चेहरा दिसलाच नाही. ब्रेंडा आणि मोहन दाराशी आले तेव्हा त्यांचं सगळं लक्ष करवानला आत ओढण्यात होतं; पाइप कुणाच्या हातात आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

हिवाळा आला. उल्का वर्गात शिकवायची आणि मध्येच थांबायची. १८७१ वर आली की ती पुढचं पान उलटायची. एका संध्याकाळी तिने मोहनला विचारलं, "किती वेळ गेला असेल रे? मी कडीला हात लावून उभी होते तेव्हा?"

"आठ-नऊ सेकंद," तो म्हणाला. लगेच म्हणाला, म्हणजे त्यानेही मोजून पाहिलं होतं.

"मी पोलिसांना खोटं सांगितलं."

"माहितीये मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्याने चष्मा काढला. "आणि खरं सांगू? तू बोलू नयेस असंही वाटत होतं. केसचं वाटोळं होईल, उल्का. त्याच्या वकिलाला आयतं कोलीत मिळेल हातात."

तिने तरीही दुसऱ्या दिवशी फोन करून स्टेटमेंट बदललं. पोलिस अधिकारी बाईने तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

फेब्रुवारीत क्राउन कोर्टात उल्का उभी राहिली. आरोपीचा वकील सडपातळ, अतिशय सभ्य होता. "डॉक्टर टिपणीस, ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणालात, लगेच दार उघडलं. आता म्हणता, उघडलंच नाही. नऊ सेकंद उभ्या राहिलात. यातलं खोटं कोणतं?"

"पहिलं."

"का बोललात खोटं?"

"लाज वाटली."

"आणि लाज वाटत असली की तुम्ही पोलिसांना खोटं सांगता." त्याने कागद उलटला. "म्हणजे ज्याच्यामुळे तुमची लाज थोडी कमी होईल, असा एखादा चेहराही तुम्हाला आठवू शकतो, नाही का?"

"चेहरा खरा आहे," उल्का म्हणाली. तिचा आवाज चढला. "ओठावर वण होता. मी नऊ सेकंद दुसरं काही केलंच नाही हो, नुसती बघत उभी होते!"

ज्युरीने दोन दिवस घेतले. दंग्याबद्दल पाइपवाला दोषी ठरला, तीन वर्षं. करवानचा डोळा फोडल्याबद्दल निर्दोष. पुरावा पुरेसा नाही. लॉस एंजेलिसच्या त्या खटल्यातही आठ जणांना शिक्षा झाली होती आणि वरच्या कोर्टाने कागदातली एक चूक दाखवून सगळ्यांना सोडलं होतं. कत्तलीनंतर पाच वर्षांनी त्याच शहरात रेल्वे आली, हजारभर चिनी मजुरांनी डोंगरातून खोदलेल्या बोगद्यातून; आणि शहर वाढायला लागलं ते थांबलंच नाही. हे सगळं उल्का दर वर्षी शिकवायची. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिला ते आठवलं.

करवान तोवर क्रॉयडनला आपल्या चुलतभावाकडे राहायला गेला होता. एप्रिलमध्ये उल्का एकटीच ट्रेनने गेली. ट्राम स्टॉपच्या समोर केस कापण्याचं दुकान, आत तीन खुर्च्या. करवान एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. काचेचा डोळा चांगला बसवला होता, पण तो मान जरा जास्त वळवून बघायचा. त्याने तिला ओळखलं आणि वस्तरा खाली ठेवून म्हाताऱ्याला म्हणाला, "पाच मिनिटं."

मग दोघं मागच्या खोलीत बसली. त्याने न विचारता चहा ओतला, बिनदुधाचा, छोट्या ग्लासात.

"मी माफी मागायला आलेय," उल्का म्हणाली.

"कशाची? दाराची, की पोलिसांची?"

"दोन्हींची."

त्याने ग्लास बोटांत फिरवला. "दाराचं मला कळतं," तो म्हणाला. "माझ्या गावात मी बघितलंय. चांगली माणसं असतात, हात हलत नाही. मी तुला शिव्या दिल्या, रोज दिल्या, पण कळतं. पोलिसांचं नाही कळत. तिथे तुझ्या मागे कुणी पाइप घेऊन उभं नव्हतं. पहिल्या दिवशी खरं बोलली असतीस तर तो माणूस आज माझ्या डोळ्यासाठी आत असता."

"हो," उल्का म्हणाली. "असता."

बाहेर चुलतभाऊ कुणाशी तरी मोठ्याने हसत होता.

"तुझा नवरा," करवानने विचारलं. "त्याचा शर्ट फुकट गेला. तो बरा आहे?"

"बरा आहे. गुडघे दुखतात त्याचे."

"त्याला सांग, इथे आला तर त्याचे केस मी कापतो. ब्रेंडा येते. दर महिन्याला ट्रेनने येते, एवढ्या लांब, आणि माझ्याकडून केस कापून घेते. बायकांचे केस मला येत नाहीत, सांगितलं तिला. ऐकत नाही."

"आणि मी?" उल्काने विचारलं. विचारायला नको होतं, हे तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

करवानने मान वळवून आपल्या शाबूत डोळ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू नको येऊस," तो म्हणाला. रागाने नाही. "चहा पिऊन जा."

तिने चहा पूर्ण प्यायला. गरम होता, जीभ भाजली, तरी थांबली नाही. मग ग्लास सिंकमध्ये विसळून पालथा ठेवला आणि दुकानातून बाहेर पडली. म्हातारं गिऱ्हाईक अजून अर्ध्या दाढीचं बसलं होतं, ते तिच्याकडे बघून हसलं.