पिवळा की पांढरा

फिटरने गाडीच्या उजव्या दिव्यात पांढरा एलईडी बसवला, डाव्यात साधा पिवळा हॅलोजन, आणि भर दुपारी अंधार हवा म्हणून गॅरेजचं शटर खाली ओढलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन डाग पडले.

“पांढराच!” नाना म्हणाले. “लख्ख. दूध का दूध.”

माईंनी दोन्ही डागांकडे आळीपाळीने पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी तिन्हीसांजेला नानांनी गाडी खांबावर घातली होती. कुणाला खरचटलंही नव्हतं, पण तेव्हापासून माई गाडीत बसल्या नव्हत्या. दिवे बदलले की बसेल, या आशेवर नानांनी गाडी आधीच इथे आणून ठेवली आणि त्यांना आज इथवर आणलं होतं, तेही रिक्षाने.

माई गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या उजेडात त्यांनी चटकन डोळ्यांवर हात धरला. मग दोन पावलं सरकून पिवळ्यासमोर आल्या आणि हात खाली घेतला.

“समोरून येणाऱ्याचं काय होत असेल?” त्यांनी विचारलं.

“बरोबर बोललात,” फिटर म्हणाला. “हा दिवा हॅलोजनसाठीच घडवलाय. एलईडी घातला की उजेड सैरावैरा पसरतो. झेनॉन बल्बचंही तेच, वर त्याची वेगळी पेटी बसवायची उठाठेव.”

“पावसात?”

“पिवळाच बरा.”

“आणि वळणावर कडेचं कितपत दिसतं?”

नाना मनात खट्टू झाले. बसायचंच नाही, तर एवढी उलटतपासणी कशाला?

“घाला मग पिवळे,” ते म्हणाले. “हिच्यापुढे कुणाचं चाललंय!”

फिटरने दोन्हीकडे हॅलोजन बसवले, दिव्यांच्या धुरकट काचा घासून चकचकीत केल्या आणि शटर वर केलं. नानांनी खिशातून चावी काढली, तर माईंचा हात पुढे आलेला.

“आणा इकडे. लायसन्स आलंय माझं.”

“कुणाचं?”

“शेजारच्या सुनेबरोबर मीही क्लास लावला होता.”

“आणि मला पत्ता नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्हीच शिकवायला बसला असता.”

फिटर हसू दाबत पाना शोधायला वळला.

नाना क्षणभर चावीकडे बघत राहिले. मग ती माईंच्या हातावर ठेवून, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले. माईंनी आरसा आपल्या उंचीला लावून घेतला, पदर कमरेला खोचला आणि गाडी अलगद रस्त्यावर काढली. पहिल्याच वळणावर नानांचा पाय आपोआप गाडीच्या तळाशी घट्ट दाबला गेला.

“तिथे ब्रेक नाहीये हो,” माई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

नानांनी पाय मागे घेतला, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढून रस्त्याकडेची झाडं बघत बसले.

“जरा लांबून घे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “घरी काय, जायचंच आहे.”