आईचे केस

कॅलेंडरं निवडायच्या कामाचा थोआला मनापासून वीट यायचा. व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या एका कारखान्यात मीठ घालून मुरवलेल्या मासळीचा रस बाटल्यांत भरून विकत. थोआ तिथे जाहिरातीचं काम बघायची, आणि तरुणपणी चित्रकलेच्या शाळेत शिकलेली म्हणून टेटच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला वाटायची कॅलेंडरं नि डायऱ्या दरवर्षी तिच्याच गळ्यात पडायच्या.

पावसाळा ओसरला की छापखान्याचा माणूस नमुन्यांची बाडं घेऊन हजर.

"ताई, यंदा हे फार चालतंय बघा. कलात्मक माल आहे."

कलात्मक माल म्हणजे कमळाच्या तळ्यात उभी, चिंब भिजलेली, झगा अंगाला चिकटलेली पोरगी. पान उलटलं की तूप चोपडल्यासारखे चकचकीत सोनेरी मासे. मग मोहरा ओकणारा बेडूक. त्या कागदाला वासही असा यायचा की थोआला बोटं धुवावीशी वाटायची.

यंदा ती बाड मिटून सरळ लुयेनसाहेबांच्या खोलीत गेली. हा कारखान्याचा मालक, जाडजूड, सदा दात कोरत बसलेला.

"साहेब, या वर्षी खरी चित्रं छापू या. बांग मास्तर माझे गुरू. लाखेची चित्रं करतात. अशी चित्रं दुसऱ्या कुणाच्या कॅलेंडरवर नसतील."

"दुसऱ्या कुणाच्या नसतील?" साहेबांना तेवढंच ऐकू आलं. "मग घ्या."

बांग मास्तर नदीपलीकडच्या गल्लीत राहायचे. म्हातारे झाले होते, चित्रं विकली जायची बंद होऊन जमाना झाला होता. पुढच्या खोलीत त्यांच्या सुनेनं, नूनं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान थाटलेलं, आणि चित्रं मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली. थोआनं कॅलेंडरच्या सात पानांसाठी त्यातली सात निवडली. पहिल्या पानासाठी आणि डायरीच्या पुठ्ठ्यासाठी तिच्या मनात एकच चित्र होतं. मास्तरांची आई, उंबऱ्यावर बसून सुपारी कातरणारी. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी त्यांनी ते केलं होतं. लाखेचा थर चढवायचा, वाळू द्यायचा, पाणी घालून घासायचा, पुन्हा चढवायचा. पांढरे केस म्हणजे अंड्याच्या टरफलाचे बारीक तुकडे, एकेक चिमट्यानं बसवलेले. थोआ तेव्हा विद्यार्थिनी होती. ते केस बसताना तिनं बघितले होते.

फोटो बघून लुयेनसाहेबांनी दातकोरणं खाली ठेवलं.

"म्हातारी? टेटला? हे पांढरे केस बघा, घरात मयत झाल्यासारखं वाटतंय. आणि दात काळे!"

"पूर्वीच्या बायका दात काळे करायच्याच, साहेब. तुमच्या आजीचेही असतील."

"माझी आजी कॅलेंडरवर नव्हती. कॉम्प्युटरवर नीट करून घ्या."

"चित्रकाराच्या परवानगीशिवाय एक रेघ हलणार नाही," थोआ म्हणाली.

साहेब हसले. "मग परवानगी घेऊ."

थोआ निर्धास्त होती. चित्रातला लाल रंग जरा भडक करा म्हणणाऱ्या एका व्यापाऱ्याला मास्तरांनी चपला फेकून हाकललं होतं. साहेब तर आईच्या चेहऱ्याला हात लावायचं बोलणार होते. मास्तर त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळतील असं मनात येऊन तिला हसूही आलं.

थंडी पडू लागली तेव्हा छापखान्यातून पहिलं पान आलं. थोआनं गुंडाळी उलगडली. म्हातारीचे केस काळेभोर. सुरकुत्या गायब, गाल गुबगुबीत, ओठांतून पांढरेशुभ्र दात. सुपारीचं तबक गेलं होतं. त्या जागी मांडीवर कारखान्याची बाटली, नातवंडाला धरावं तशी धरलेली.

थोआ तशीच उठून नदीपलीकडे गेली. मास्तरांच्या पाया पडून माफी मागायची आणि हा प्रकार बंद पाडायचा, एवढंच डोक्यात होतं.

मास्तरांनी तिला बघताच हाक मारली. "आलीस? ये, ये. आत चल, खरं बघ. कागदावर रंग मरतो."

मागच्या खोलीत खिडकीपाशी मूळ चित्र उभं केलं होतं. तेच गाल, तेच दात. लाख अजून ओल्यासारखी चमकत होती. थोआला काही क्षण समजेचना आपण काय बघतोय.

"मास्तर, हे कुणी केलं?"

"मीच. दुसऱ्याला हात लावू देईन का? टरफलं घासून काढताना मात्र जीव गेला. पक्की बसली होती."

"पण का?"

"अगं, हजारो घरांत लागणार ती. इतकी वर्षं मी एकटाच बघत होतो तिच्याकडे."

नू चहा आणि तिळाची वडी घेऊन आली. "आता कशी घरात लावण्यासारखी दिसते! आधी पोरं घाबरायची हिला. मागच्या खोलीत एकटी यायला तयार नसायची."

मास्तर हसले. सुनेकडे बघत, मालकाचा विनोद ऐकून नोकरानं हसावं तसे. ते हसणं थोआला त्या गालांहून किळसवाणं वाटलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. लाखेचा उग्र वास डोक्यात चढत होता.

"सांग ना," मास्तर पुढे वाकले, "काळा रंग जमलाय ना? तुझी नजर चांगली आहे."

"घाण झालंय, मास्तर."

नूचा हात ताटलीवरच थांबला. मास्तरांनी अंगठ्यानं चित्राची कड पुसली, विनाकारणच.

"तुला बोलायला काय जातं?" ते हळूच म्हणाले. "तुझ्या साहेबाला माझ्या दारात आणलं कुणी? तूच ना?"

थोआनं पायात चपला सरकवल्या. ती बाहेर पडली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गटारापाशी वाकून ओकली. एक बाई नळावर भांडी घासत होती. तिनं न विचारता तांब्याभर पाणी पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "पहिलं पान बदला. नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"छपाईला गेलं की! आणि रुसता कशाला? तुमच्याच गुरुजींनी केलंय. मला तर फोनवर तीनदा विचारलं, अजून गोरी करू का म्हणून."

कॅलेंडर वाटलं गेलं. टेटच्या आधी ते सगळीकडे दिसू लागलं. दातांच्या डॉक्टरकडे, शेवयांच्या दुकानात, बाजाराच्या चौकीत. थोआ मान फिरवून जायची. स्वतःच्या वाट्याची प्रत तिनं टेबलावरच सोडली होती, पण सासूनं कुठूनशी एक मिळवली आणि स्वयंपाकघरात चुलीसमोर टांगली.

"काय गोड बाई आहे!" भात वाढता वाढता सासू म्हणाली. "कोण गं ही? नटी आहे का कुणी?"

"असेल," थोआ म्हणाली, आणि वाटी उचलून भिंतीकडे पाठ करून जेवायला बसली.