पाय ब्रेकवर होता

ताईच्या घरची जुनी पिकअप अंगणात सुरू झाली की स्वयंपाकघरातले पेले आपोआप किणकिणू लागत. "हल्ली पातेल्यातलं दूधसुद्धा थरथरतं, आणि गिअर टाकला की खालून धप्पकन आवाज येतो. कुणीतरी आत कोंडलंय आणि धडका देतंय असं वाटतं," असं तिने फोनवर सांगितलं. मी ताईची धाकटी बहीण आणि धंद्याने मेकॅनिक. एवढं ऐकलं आणि इंजिनाच्या माउंटिंगची जोडी पिशवीत टाकूनच निघाले.

माउंटिंग म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्यांना घट्ट चिकटवलेला जाड रबराचा ठोकळा. इंजिनाच्या उजवीकडे एक, डावीकडे एक. एवढं मोठं धूड या दोन ठोकळ्यांच्या भरवशावर बसलेलं असतं. रबर मेलं तरी गाडी पळते, म्हणून लोक वर्षानुवर्षं तिकडे बघत नाहीत. माणसांच्या बाबतीतही आपण तेच करतो, पण ते असो.

मी पोचले तेव्हा दाजी अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांची रोपवाटिका आहे, टेकडीच्या अंगावर. फाटकातून आत आलं की अंगण चढत चढत मागच्या शेडपर्यंत जातं. गाडी शेडकडे तोंड करून उभी होती.

"या मेव्हणीबाई. लवकर उरका, दुपारी निघायचंय," दाजी म्हणाले.

निघायचं कुठे ते मला माहीत होतं, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं होतं. आधी दवाखान्यात, चिमीच्या हाताचं प्लास्टर कापायला. चिमी म्हणजे माझी भाची. तिथून पुढे तिच्या आत्याकडे, अण्णांना सोडायला. अण्णा दाजींचे वडील. "थोडे दिवस हवापालट," असं सगळे म्हणत होते. पण फाटकाजवळच्या ओट्यावर अण्णांच्या बॅगेशेजारी त्यांची गादीही बांधून ठेवलेली होती. हवापालटाला कुणी गादी नेत नाही.

चिमीचा हात अण्णांनीच मोडला असं घरात ठरलं होतं. अण्णांना एक सवय होती. गाडी आत घेताना ते ती नेहमी उलटी घेत, मातीची पोती भरलेली असली तरी रिव्हर्समध्ये चढावरून थेट शेडपर्यंत. "गाडीचं तोंड कायम फाटकाकडे पाहिजे. रात्री-अपरात्री कुणाला न्यायची वेळ आली तर?" असं ते म्हणत. त्या दिवशी गाडी अशीच मागे येत असताना अचानक डरकाळी फोडून सुटली आणि शेडच्या भिंतीत घुसली. चिमी तिथे पोत्यांवर खेळत होती. वाचली ती नशिबाने.

अण्णा पहिले काही दिवस ज्याला त्याला सांगत होते, "माझा पाय ब्रेकवर होता." दाजींनी गाडी पत्र्याच्या कामाला नेली, रस्त्यावर पळवून बघितली, घाटावर चढवून बघितली. गाडी शहाण्यासारखी वागली. मग गाडी खरी ठरली आणि बाप खोटा. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. किल्ली काढून घेतली. चिमीलाही त्यांच्याजवळ एकटं सोडेनात. हळूहळू अण्णांचा आवाज उतरला. आता पायरी उतरतानासुद्धा ते आधी पायाकडे बघत आणि मग पाय टाकत.

"पाय फितूर झाले गं माझे," मी ओट्याशी जाऊन पाया पडले तेव्हा ते म्हणाले.

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू केलं तर ते अंगात आल्यासारखं हलत होतं. उजव्या बाजूला वरून तेल झिरपून खालपर्यंत काळा ओघळ गेला होता. तेल लागलं की रबर कुजतं. मी खालून बॅटरी मारून पाहिलं, तर उजवा ठोकळा तेलाने बरबटलेला, पण दिसायला अख्खा. इंजिनाचं वजनच त्याला दाबून धरत होतं. असा दाबलेला ठोकळा आत फाटला आहे का हे नुसतं बघून कळत नाही. इंजिनाला जोर लावायला लावावा लागतो.

"ताई, तू बस आत. हँडब्रेक ओढ, ब्रेक दाबून धर, पहिला गिअर टाक आणि क्लच अगदी हळू सोड. मी बघते इंजिन किती उचलतंय ते."

ताईने तसं केलं. इंजिन थोडं कलंडलं, पण जागेवर राहिलं.

"झालं?" दाजींनी घड्याळ बघितलं. "रबरं संध्याकाळी बदल. आधी जाऊन येतो."

खरं सांगते, मी बॉनेट लावायला हात घातला होता. पण नजर परत त्या काळ्या ओघळाकडे गेली आणि हात तिथेच थांबला. इंजिन पुढच्या गिअरमध्ये एका बाजूने उचललं जातं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूने. पुढे जाताना ताण डाव्या ठोकळ्यावर, आणि डावा शाबूत होता. दाजींनी गाडी पळवली ती पुढे. अंगणातून बाहेर काढताना मागे घ्यायचे, पण उतारावर. तिथे इंजिनाला जोर लागतोच कुठे? चढावर, भरल्या गाडीने, रिव्हर्स फक्त अण्णा घ्यायचे.

"ताई, थांब. चिमी, तू घरात जा. अण्णा, तुम्ही ओट्यावरून आत या."

मी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. दाजी फाटकाशी फोनवर बोलत होते.

"दाजी, बाजूला व्हा."

"अगं, ब्रेक दाबलाय ना तिने?" ते हसले आणि जेमतेम एक पाऊल सरकले.

"ताई, आता रिव्हर्स टाक. ब्रेक सोडू नकोस. क्लच हळू."

धप्प झालं. माझ्या डोळ्यांदेखत इंजिन उजवीकडून वर उठलं, झोपलेल्या जनावराने मान उचलावी तसं. अॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत एक लोखंडी सळई जाते. इंजिन उठलं तशी ती सळई ताणली गेली, कुणाचाही पाय न लागता. गाडीने डरकाळी फोडली. जितका जोर वाढला तितकं इंजिन आणखी उठलं, आणि इंजिन उठलं तसा जोर वाढला. चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढली, पलीकडे उतरली, आणि गाडी फाटकाकडे सुटली.

"क्लच, ताई. क्लच दाब."

गाडी थांबली. क्लच दाबताच इंजिन खाली बसलं, सळई सैल झाली, आवाज उतरला. मघाच्या प्रकारातलं काहीही उरलं नाही. त्या दिवशी भिंतीला धडकून बंद पडल्यावरही असंच झालं असणार. पुरावा मागे न ठेवणारी अशी साळसूद वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

गाडीचं मागचं फळकूट दाजींच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. फोन त्यांच्या हातातून पडला होता आणि त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. दवाखान्याचं आवार चढावर आहे. गाडी उलटीच लावावी लागते. दारात बाकांवर माणसं बसलेली असतात, हे मला तेव्हा आठवलं.

ताई स्टिअरिंग सोडत नव्हती.

"माझा पाय ब्रेकवर होता," ती म्हणाली. "खरंच सांगते. ब्रेकवरच होता."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी अण्णांकडे बघितलं. ते अंगणाच्या कडेला भिंतीला धरून उभे होते, आणि त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. ते आपल्या पायांकडे बघत होते.

मी कामाला लागले. इंजिनाच्या तळाला फळी लावून जॅकने ते जरा उचललं, बोल्ट काढले आणि उजवा ठोकळा बाहेर ओढला. तो माझ्या हातात आला तेव्हा त्याचे दोन तुकडे होते. नवी जोडी बसवली, दोन्ही बाजूंना, कारण एक गेला की दुसऱ्याचा भरवसा नसतो. मग मी स्वतः बसून गाडी रिव्हर्समध्ये चढवली. पेले किणकिणले नाहीत.

अण्णांनी फाटका ठोकळा मागून घेतला. दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले, मग सोडले. पुन्हा दाबले.

"दाबून धरला की अख्खा दिसतो," ते म्हणाले.

दाजी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. हातात गाडीची किल्ली होती. "अण्णा, मला काय माहीत... तुम्ही कुठेही जायचं नाही आता. गादी आत ठेवतो."

"तू ठरवलंस तेव्हा मी जायचं, तू ठरवलंस की मी राहायचं," अण्णा शांतपणे म्हणाले. "इतके दिवस मला वाटत होतं पाय गेले. रात्री उठून दाबून बघायचो. पाय चांगले आहेत माझे. लेकीकडे चालत जातो."

त्यांनी बॅग उचलली. किल्लीला हात लावला नाही. ताई रडत आडवी आली, तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते बाजूने निघाले. फाटकातून उतरताना या खेपेस त्यांनी पायाकडे बघितलं नाही.

दाजींनी चिमीला घाईघाईने शेजारी बसवलं आणि गाडी त्यांच्यामागे काढली. हॉर्न वाजवायची त्यांची हिंमत होईना. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने उतरत राहिली. खालच्या वळणाच्या अलीकडे गाडी थांबली, चिमी दार उघडून उतरली आणि धावत जाऊन तिने आपल्या चांगल्या हाताने आजोबांच्या बॅगेचा एक बंद धरला.

मी फाटकातून बघत होते. ते दोघं रस्त्याच्या मधोमध चालत होते, आणि दाजींच्या गाडीला पुढे जायला वाट देत नव्हते.