दम लागल्याचं सोंग

सायकलवर बसलेली मुलगी खोटं बोलतेय, हे चाचणीवाल्या बाईंनी सहाव्या मिनिटालाच ताडलं.

मुलगी तेरा वर्षांची. जन्मापासून हृदयात छिद्र होतं, ते दीड वर्षाची असताना ऑपरेशन करून बुजवलेलं. आता श्रम केले की हृदय कितपत साथ देतं, हे तपासायला डॉक्टरांनी तिला या खोलीत पाठवलं होतं. छातीवर वायरी, तोंडावर मास्क आणि जागची न हलणारी, दर मिनिटाला जड होत जाणारी सायकल.

"बास... नाही जमत," म्हणून मुलीने मान टाकली.

आई ताडकन उठली. "थांबवा हो! जीव घ्याल का चिमणीचा?"

बाईंनी सायकल थांबवली, पण मनात पाल चुकचुकली. एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. खरं दमलेलं पोर बोलताना अडखळतं, त्याच्या मांड्या लटपटतात. हिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. पडद्यावरचे श्वासाचे आकडेही सांगत होते, की हिच्या अंगात अजून पुष्कळ जोर शिल्लक आहे. शिवाय हिच्या पोटऱ्या! खेळायला बंदी असल्याचं आईने फॉर्मवर लिहिलं होतं, मग पोरीच्या पोटऱ्या अशा टणक कशा?

आईनेच पढवून आणलंय की काय? खेळातून सुटका करणारा दाखला हवा असलेले आईबाप त्यांनी पाहिले होते.

"घरी खेळते का ही?"

"छे! दप्तरसुद्धा मी उचलते," आई म्हणाली. "सकाळी बाबांबरोबर दूध आणायला जाते तेवढंच. तेही समोरच्या दुकानात. पण बापलेक गप्पा छाटत बसतात, तासभर येत नाहीत."

मुलीने झटकन खाली पाहिलं. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुम्ही जरा बाहेर बसा. ही सारखी तुमच्याकडेच बघतेय."

"मला कशाला घालवताय?"

"काचेतून सगळं दिसेल तुम्हाला."

आई कुरकुरत बाहेर गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"आता बोल. सोंग कशासाठी?"

मुलीने मास्क काढला. "आईला सांगू नका. मी धावते. बाबांबरोबर, रोज सकाळी. आठ महिने झाले."

"आणि इथे का थांबलीस?"

"जास्त वेळ सायकल मारली तर आई विचारणारच, एवढा दम आला कुठून? मग बाबांची खैर नाही." तिने मास्कचा पट्टा बोटांवर गुंडाळला. "शाळेत सगळ्या पळतात आणि मी त्यांच्या बाटल्या सांभाळत बसते. कंटाळा आला होता."

बाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आठ महिने ही पोर कुणाही डॉक्टरला न विचारता धावत होती.

"कधी चक्कर आली? छातीत दुखलं?"

उत्तर यायला जरा उशीरच झाला. "नाही."

"बघ हं."

"एकदाच आली. उन्हात. पाणी प्यायले नव्हते."

हेही अर्धंच सांगतेय का? बाई उठल्या. "हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे. आणि आईला तू सांगतेस की मी?"

मुलगी सायकलवरून उतरली. मग वायरी सोडवून घेऊन दाराबाहेर गेली.

बाहेर काय बोलणं झालं, ते काचेमुळे ऐकू आलं नाही. आईचा हात एकदा वर गेला तेवढा दिसला, आणि मग तोच हात तिने स्वतःच्या तोंडावर दाबला.

तासाभराने डॉक्टर समोर उभे असताना मुलगी पुन्हा सायकलवर बसली. या वेळी तिने कुणाकडे पाहिलं नाही. चेहरा लालबुंद झाला, पाय अडखळले, तरी ती रेटत राहिली. ठोक्यांची लय कुठे बिघडली नाही. तिच्या वयाच्या निरोगी मुलीच्या मानाने ती थोडी मागे होती, पण आईच्या कल्पनेच्या कितीतरी पुढे.

"धावू दे," डॉक्टर म्हणाले. "पण शर्यत नको, उन्हात नको. चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि आम्हाला कळवायचं. लपवाछपवी बंद."

"तुमचं मशीन बरोबर आहे ना?" आईने विचारलं.

"आजच तपासलंय," बाई म्हणाल्या.

"मग लिहून द्या सगळं. आणि हिच्या बाबांना उद्या इथे पाठवते, त्यांनाही खडसावा."

तीन महिन्यांनी आई पुन्हा आली, ती एक वही घेऊनच. धावण्याआधीचे आणि नंतरचे नाडीचे ठोके, रोजचे, तिच्या टपोऱ्या अक्षरात.

"हिच्यावर माझा विश्वास नाही," ती बाईंना हळूच म्हणाली, "म्हणून मीच जाते हल्ली बरोबर. पण काय सांगू, पहिल्याच वळणावर मला धाप लागते आणि हिला गाठायचं म्हणजे..."

मुलगी मास्क लावून घेत होती. "आई, बोलू नकोस," ती म्हणाली. "मला सुरू करायचंय."