दहा दिवसांत पुढे पाठवा

मित्रांनो, सहा गावे फिरलेली आणि मग सहा वर्षे एका कपाटात कोंडलेली मी एक जुनी निळी फाईल आहे. माझे बोलणे तुम्हाला कडवट वाटेल. वाटू द्या.

माझा जन्म १९७४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. जाड पुठ्ठा, कापडी कणा आणि बांधायला दोन फिती. सूर्यघड्याळे बनवण्याचा छंद असलेल्या सहा जणांचे एक मंडळ होते. ते एकमेकांना कधी भेटले नव्हते. त्यांची चर्चा माझ्या पोटातून चाले. मी टपालाने ज्याच्याकडे जाई, तो सगळ्यांची पत्रे वाची, स्वतःचे मागचे पत्र काढून घेई, नवे ठेवी आणि मला पुढच्याकडे पाठवी. स्कॉटलंड, डेन्मार्क, पोर्तुगाल, मग धार, देवास, ऑस्ट्रेलिया आणि परत स्कॉटलंड. एका फेरीला आठ महिने लागत.

माझ्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवलेला आहे. दहा दिवसांत पुढे पाठवा. उत्तर मुद्द्याला द्या, माणसाला नको. दोघांचे भांडण सहा जणांना वाचायला लावू नका. दुसऱ्याच्या पत्रावर काहीही लिहू नका. इतके साधे नियम पाच वर्षे कोणी मोडले नाहीत. मोडले ते शेजारच्या दोन गावांतल्या दोन शहाण्यांनी.

धारचे शिवाजीराव जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांच्या अंगणात आजोबांनी बसवलेले दगडी सूर्यघड्याळ होते. देवासचे अशोकराव नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, कारखान्यात तपासनीस. दिवसभर लोकांची रेखाचित्रे तपासायची आणि चुकीवर लाल पेन्सिलीने शेरा मारायचा, हे त्यांचे काम.

१९८० च्या जानेवारीत शिवाजीरावांनी लिहिले की धारमध्ये सूर्यघड्याळाच्या वेळेत सरासरी एकोणतीस मिनिटे मिळवली की मनगटी घड्याळाची वेळ येते. मी देवासला पोचले. अशोकरावांनी ते वाचले आणि हाताच्या सवयीने त्याच पत्रावर लाल शेरा मारला : ‘चूक. २६ पाहिजे. पुन्हा तपासा.’

सव्वीस मिनिटे देवासची. देवास धारच्या पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य तीन मिनिटे आधी माथ्यावर येतो. दोघांचे आकडे आपापल्या गावी बरोबर होते. नकाशा उघडला असता तर कळले असते. अशोकरावांनी पेन्सिल उचलली.

त्याच वेळी अशोकरावांच्या बहिणीने, इंदूने, भावाच्या पत्रासोबत एक पान ठेवले. ती नुकतीच बी.एस्सी. होऊन मुलींच्या शाळेत शिकवू लागली होती. शाळेच्या भिंतीवर तिला मुलींकडून सूर्यघड्याळ करून घ्यायचे होते; पण भिंत नीट दक्षिणेला तोंड करून नव्हती, पूर्वेकडे वळलेली होती. अशा भिंतीत सावली पाडणारी सळई कोणत्या कोनात बसवायची, हे तिने विचारले होते. दिवाळीपर्यंत ती भिंत न रंगवता ठेवायचे मोठ्या बाईंनी कबूल केले होते.

तो लाल शेरा आणि ते पान, दोन्ही घेऊन मी जग फिरले. डेन्मार्कच्या थोरसेन नावाच्या म्हाताऱ्या खलाशाने इंदूला आकृत्यांसह चार पाने उत्तर लिहिले. पोर्तुगालच्या सभासदाने शांतपणे लिहिले की धारचा आकडा धारसाठी बरोबर आहे. सप्टेंबरात मी धारला आले.

शिवाजीरावांनी आपले मागचे पत्र काढले आणि शेरा पाहिला.

“सगळ्या मुलखांत फिरून आला हा. शाळकरी पोरासारखं तपासलंय मला.”

“पण त्या पोर्तुगालच्या माणसानं लिहिलंय ना, तुमचंच खरं म्हणून?” त्यांच्या पत्नी भवानीबाई म्हणाल्या.

“त्यानं लिहून काय होतं? ज्यानं रेघ ओढली त्यानं लिहावं.”

त्यांनी नऊ पाने उत्तर लिहिले. त्यात सूर्य एकदाही आला नाही. आजोबा सात वेळा आले. मग देवासला कार्ड गेले : आधी माफी, मग फाईल. देवासहून कार्ड आले : माफी फाईलमध्येच लिहीन, सगळ्यांसमोर, आधी फाईल. अशी सहा कार्डे झाली. शेवटच्यात अशोकरावांनी लिहिले, ‘तीन मिनिटांसाठी एवढा तमाशा? ठेवा तिकडेच. हळदकुंकू वाहा तिला.’ त्या दिवशी मला कपाटात घालून कुलूप लावले गेले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी इंदू बसने धारला आली.

“काका, दादाचं चुकलं. त्याच्या वतीनं मी माफी मागते.”

“तुझ्या भियाला हात नाहीत का लिहायला?”

“आहेत. वाकत नाहीत.”

भवानीबाई हसल्या. शिवाजीराव हसले नाहीत.

“मला फाईल नको. माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं असेल तर इथंच बसून उतरून घेते. दिवाळीला भिंत रंगवणार आहेत.”

“माफी येईपर्यंत फाईल उघडणार नाही. नियम म्हणजे नियम.”

“दहा दिवसांचाही एक आहे ना, काका?”

“हेच शिकवता का तुम्ही शाळेत? मोठ्यांना नियम दाखवायला?”

मित्रांनो, तिचे उत्तर माझ्यात वरून तिसरे होते. ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती. चहा न घेता उठून गेली. दिवाळीत भिंत पिवळी झाली.

स्कॉटलंडहून तीन पत्रे आली, तीही कपाटात गेली. चौथ्यात कळवले होते की मंडळाने नवी फाईल सुरू केली आहे. ती भारतात येणार नाही.

१९८६ साली शिवाजीराव मुलाकडे इंदूरला गेले असताना भवानीबाईंनी किल्ली शोधली. “दहा दिवस म्हणे,” त्या मला बांधता बांधता पुटपुटल्या आणि मला देवासला पाठवून दिले.

इंदूने चारही पाने उभ्यानेच वाचली. शेवटी थोरसेनने लिहिले होते, ‘मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. सळई बसली की सावली नेमकी पडते का, तेवढे कळवा.’ तिने त्याच दिवशी पत्र टाकले. भावाने विचारले, “आता कशाला?”

मित्रांनो, त्या दोघांना मी क्षमा केलेली नाही. राग आला तर नऊ काय, नव्वद पाने लिहा आणि आपल्या उशाखाली ठेवा. पण चर्चा अडवू नका. तुम्ही धरून ठेवलेल्या गठ्ठ्यात तुमच्या भांडणाखाली दुसऱ्या कोणाचे तरी उत्तर असते, आणि ते देणाऱ्याकडे वेळ थोडा असतो.

इंदूचे पत्र अडीच महिन्यांनी परत आले. पाकीट न उघडलेले होते आणि थोरसेनच्या नावावर निळ्या शाईची आडवी रेघ होती. तिने ते माझ्यात ठेवले, वरून पहिले. आता नियम वाचायला कोणी मला उघडले, की आधी ते हाताला लागते.