तळचा भात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चाटू आहे. भात ढवळायचा, वाढायचा आणि भांड्याच्या तळाशी लागलेला भात खरवडून काढायचा, एवढेच माझे काम. माझी एक कड झिजून तिरपी झाली आहे. ती कशाने झिजली, हे माझ्या मालकाला सतरा वर्षे माहीत नव्हते. तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

मी शिवणीच्या लाकडाचा. सुखराम नावाच्या सुताराने मला घडवले आणि १९९९ साली आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या यात्रेत विकायला मांडले. गोमतीबाईने दहा चाटू हातात घेऊन पाहिले आणि मला निवडले. तिचा नवरा चुन्नीलाल तिला म्हणाला की सगळे सारखेच तर आहेत. मला पिशवीत टाकून ती गोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन आली.

त्या घरची शेती धानाची, त्यामुळे दोन्ही वेळा चुलीवर भाताचा गंज, म्हणजे पातेले, चढे. गोमतीबाई मला आधी पाण्यात बुडवायची आणि मगच भाताला लावायची. असे केले की भात चिकटत नाही आणि शिते मोडत नाहीत. काय रांधायचे हे ती कोणाला विचारत नसे. नवरा शेतातून आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ठरवायची. कधी नुसते वरण, कधी तलावातली मासोळी. चुन्नीलाल समोर येईल ते खायचा आणि हात धुवायला अंगणात जायचा. लहानगी सोनिका मात्र चुलीजवळच बसून राहायची.

काम झाले की गोमतीबाई मला धुऊन, पुसून खिळ्याला टांगायची. महिन्यातून एकदा जवसाचे तेल चोळायची. बाया माझ्याकडे पाहून म्हणत की लाकूड असावे तर असे. ते ऐकून मला बरे वाटायचे.

सोनिका मोठी झाली. बारावीनंतर हॉटेलचे शिक्षण घेऊन मुंबईला एका मोठ्या जपानी हॉटेलात कामाला लागली. दुसऱ्याच वर्षी, २०१५ च्या पावसाळ्यात, गोमतीबाई तापाने गेली.

तेरवीच्या दिवशी चुन्नीलालच्या ताटात भात वाढला, तेव्हा त्याने ताट सरकवले. "तिच्या हातचा नाही, तर भातच नाही," एवढे बोलून तो उठला. त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ एकच पोळी खाऊ लागला. शेजारी राहणारी त्याची वहिनी शामकला पोळ्या आणून द्यायची आणि टोमणाही मारायची. "धान पिकवता अन् पोळ्या खाता. पंजाबातून आले का, भाऊजी?" तो हसायचाही नाही. वर्षभरात सदरा अंगावर लोंबू लागला. एकदा तर चक्कर येऊन तो धानाच्या बांधीतच पडला.

मी खिळ्यावरच होतो. माझ्यावर धूळ बसली आणि कोळ्याने जाळे विणले. तेल नाही, पाणी नाही. माझ्या दांड्याला बारीक चीर गेली.

वडील चक्कर येऊन पडले, हे शामकलाकडून सोनिकाला कळले. तिने फोन करून वडिलांना मुंबईला बोलावले. येताना मायचा चाटू आणा, असेही सांगितले. चुन्नीलालने मला धोतराच्या पानात गुंडाळले आणि गोंदियाहून गाडीत बसला.

ते हॉटेल मला फार वेगळे वाटले. दुपारची वेळ होती. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे आठ खुर्च्या आणि फळीमागे एक म्हातारा जपानी उस्ताद. तिथे काय हवे ते खाणारा सांगत नाही. उस्ताद चेहरा पाहून ठरवतो आणि एकेक घास करून समोर ठेवतो. सोनिकाने मला धुऊन फळीवर ठेवले. शेजारी लाकडी घमेल्यात भात होता आणि त्यात माझ्यासारखाच एक चपटा चाटू. उस्तादाने तो आधी पाण्यात बुडवला, मग भाताला लावला. हे पाहून मला घरची आठवण झाली. तिथला भात रांधण्याचे काम सोनिकाकडेच होते.

चुन्नीलाल म्हणाला, "असंच तर होतं आपल्या घरी. तुझी माय कधी पुसेच ना, काय रांधू म्हणून."

उस्तादाने पहिला घास ठेवला. खाली भाताची मूठ आणि वर कच्च्या माशाचा काप.

"मासोळी तं मांजरीच्या वाट्याची दिसून राहिली," चुन्नीलाल हळूच म्हणाला. "अन् हा भातच होय ना?"

"होय, बाबूजी."

त्याने हात जोडले आणि बशी बाजूला सरकवली. वाढलेल्याला तोंडाने नाही म्हणणे त्याला जमत नव्हते. मासा आवडला नसेल असे समजून उस्तादाने शिजवलेल्या झिंग्याचा घास दिला, मग अंड्याचा. दोन्हींखाली भात होता. तीन बशा बाजूला गेल्या, तेव्हा उस्तादाचे हात थांबले. त्याने सोनिकाला विचारले. तिने सगळे सांगितले. तो अदबीने वाकला आणि पुढे नुसते गरम सार आणि भाजलेले वांगे दिले. ते चुन्नीलालने खाल्ले.

सोनिकाने मला उचलले आणि आत गेली. भात शिजवायच्या जाड भांड्याच्या तळाशी तांबूस थर लागला होता. तिने मला पाण्यात बुडवले आणि माझ्या तिरप्या कडेने तो थर खरवडला. कड तिथे अगदी बरोबर बसली. ती खरवड वाटीत घालून तिने वडिलांसमोर ठेवली.

"हे काय होय?"

"मायचं जेवण. तुमचं झालं, माझं झालं, का माय भाताचा गंज खरवडून हेच खाय."

"रोज?"

"रोज. तुमी तवा आंगणात हात धुऊन राहत होते."

चुन्नीलालने मला हातात घेतले. झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मायच्या हातचा भात तुमी लय खाल्ला, बाबूजी," सोनिका म्हणाली. "मायचा भात कधीच नाही खाल्ला."

मग त्याने वाटीतला एक घास तोंडात घातला. खरवड कडक असते, चावायला वेळ लागतो. तो सावकाश चावत राहिला. अर्धी वाटी झाल्यावर त्याने ती लेकीकडे सरकवली. "बस इथं अन् खा. तू बी इथं सगळ्यायच्या मागूनच खात अससीन." सोनिकाने उस्तादाकडे पाहिले. उस्तादाने शेजारची खुर्ची दाखवली.

मला सोनिकाकडे ठेवायचे ठरले होते, पण चुन्नीलालने मला परत गावी नेले. आता तो स्वतः भात रांधतो. शामकलाला जेवायला बोलावून आधी तिला वाढतो आणि खरवड आपल्या ताटात घेतो. भात कधी कधी करपतो. ती तेही बोलून दाखवते.

मित्रांनो, लाकडी चाटू पाण्यात भिजत ठेवू नका. धुऊन, पुसून टांगा, अधूनमधून तेल लावा. आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो, पण वाढणारा हात तितका टिकत नाही. म्हणून जेवून उठण्याआधी एकदा भांड्यात डोकावून बघा. ज्याचे जेवण अजून व्हायचे आहे, त्याच्यासाठी त्यात काय उरले आहे?